जुन्या शेवरोलेच्या सहा सिलिंडर इंजिनाचा कार्ब्युरेटर : निवड आणि ट्यूनिंग

जुनी गाडी मिसिंग मारू लागली, पिकअप गेला, पेट्रोल जास्त पिऊ लागली की पहिला संशय कार्ब्युरेटरवर जातो. स्क्रूड्रायव्हर हातात येतो, मिश्रणाचा स्क्रू पिळला जातो आणि दोन दिवसांत गाडी होती त्याहून बिघडते. या लेखात उलटा क्रम मांडला आहे. आधी इंजिन तपासायचे, मग हवेचा हिशेब करायचा, त्यावरून कार्ब्युरेटर ठरवायचा आणि शेवटी त्याचे ट्यूनिंग करायचे. तेही खालून वर, म्हणजे आयडलिंगपासून पूर्ण थ्रॉटलपर्यंत, एका वेळी एकच बदल करत. हा क्रम पाळला तर सत्तर वर्षांचे इंजिनही सुरेख चालते.

उदाहरणासाठी शेवरोलेचे सहा सिलिंडरचे इंजिन घेतले आहे. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली आणि १९५४ मध्ये ते काम थांबले. त्या काळातल्या शेवरोले गाड्या महाराष्ट्रात आजही जिव्हाळ्याने सांभाळल्या जातात. त्यांत बहुधा दोन इंजिने भेटतात. १९३७ पासूनचे २१६ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ३.५५ लिटरचे, आणि २३५ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ३.८६ लिटरचे. २३५ आधी ट्रकमध्ये आले, १९५० मध्ये पॉवरग्लाइड गिअरबॉक्सच्या मोटारींत आणि १९५३ पासून सगळ्या शेवरोले मोटारींत.

हाताशी काय हवे

व्हॅक्यूम गेज, टायमिंग लाइट, टॅकोमीटर आणि ड्वेल मीटर, फिलर गेज, कॉम्प्रेशन गेज, पेट्रोलच्या दाबाचे गेज, व्हर्निअर, जाड सपाट काच, बारीक पॉलिश पेपर, कार्ब्युरेटर क्लीनर, हवेचा कॉम्प्रेसर, तुमच्या मॉडेलचा दुरुस्ती संच, दोन-तीन नंबरांचे जादा मेन जेट आणि एक वही. १९५४ पर्यंतच्या शेवरोलेत ६ व्होल्टची बॅटरी असते. आजचा टायमिंग लाइट १२ व्होल्टवर चालतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळी १२ व्होल्टची बॅटरी शेजारी ठेवा.

काम मोकळ्या हवेत करा. बंद गॅरेजमध्ये धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. अग्निशामक हाताच्या अंतरावर असू द्या, आणि कार्ब्युरेटर उतरवण्याआधी बॅटरीचे एक टर्मिनल काढा.

पायरी १ : इंजिन नक्की कोणते ते ठरवा

गाडीच्या कागदांवर विसंबू नका; इतक्या वर्षांत इंजिन बदललेले असू शकते. ब्लॉकवरचा नंबर वाचा आणि तो इंजिन नंबरांच्या सूचीशी ताडून पाहा. याला कारण आहे. २१६ मध्ये कनेक्टिंग रॉडची बेअरिंग बॅबिटची असतात आणि त्यांना तेल मुख्यतः उडून, चमच्यांनी ढवळून मिळते. १९५३ चे पॉवरग्लाइडचे २३५ आणि १९५४ पासूनची सगळी मोटारींची २३५ इंजिने पूर्ण दाबाने तेल मिळणारी आहेत. बॅबिटचे इंजिन जास्त फिरवण्यासाठी नाहीच. २१६ ची ९० अश्वशक्ती मिनिटाला ३,३०० फेऱ्यांवर मिळते. त्यापुढे त्याला पळवायला मोठा कार्ब्युरेटर लावणे म्हणजे बेअरिंग संपवणे.

पायरी २ : कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी

खालच्या सहा गोष्टी याच क्रमाने तपासा. कार्ब्युरेटरचे म्हणून सांगितलेले निम्मे दोष इथेच सापडतात.

कॉम्प्रेशन : इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा आणि सेल्फ मारा. सहा आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. एखादा सिलिंडर फारच खाली असेल तर आधी व्हॉल्व्ह आणि रिंगा पाहा.

टॅपेट : २१६ ला इंजिन गरम असताना इनलेटला ०.००६ इंच आणि एक्झॉस्टला ०.०१३ इंच ठेवतात. २३५ मध्ये काहींना हायड्रॉलिक टॅपेट असतात, तेव्हा तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमधला आकडाच घ्या. घट्ट टॅपेटने आयडलिंग कधीच स्थिर होत नाही.

डेल्को (डिस्ट्रिब्यूटर) : पॉइंटची फट ०.०१६ ते ०.०१९ इंच, ड्वेल २८ ते ३५ अंश. शाफ्ट हाताने डावी-उजवीकडे हलवून बुश झिजलेले नाही ना ते पाहा. प्लगची फट ०.०३५ इंच. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४.

टायमिंग : या इंजिनात खूण पुलीवर नसून फ्लायव्हीलवर असते. बेल हाउसिंगच्या खिडकीतून फ्लायव्हीलमध्ये बसवलेली पोलादी गोळी दिसते. ती ५ अंश आधीची खूण. व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करा, इंजिन आयडलिंगवर ठेवा आणि गोळी काट्यासमोर आणा. आजचे पेट्रोल त्या काळच्या पेट्रोलहून वरच्या ऑक्टेनचे आहे, म्हणून नंतर टायमिंग दोन-तीन अंश पुढे घेता येते. चढावर ठोका ऐकू आला की लगेच मागे या.

हवेची गळती : या हेडला इनलेटची तोंडे तीनच आहेत, दोन-दोन सिलिंडर मिळून एक. मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामध्ये पॅकिंगबरोबर जागेवर बसवणाऱ्या छोट्या कड्या असतात, त्या बऱ्याचदा हरवलेल्या असतात. इंजिन आयडलिंगवर ठेवून जोडांवर थोडा थोडा क्लीनर फवारा. फवारताच आवाज बदलला तर तिथून हवा खेचते आहे. गरम एक्झॉस्टवर फवारा जाऊ देऊ नका. मॅनिफोल्ड पुन्हा बसवताना इनलेट आणि एक्झॉस्ट यांना मध्ये जोडणारे बोल्ट आधी नुसते अलगद लावा, दोन्ही मिळून हेडला घट्ट करा आणि मग मधले बोल्ट कसा. उलटे केले तर मॅनिफोल्ड वाकून बसतो आणि टोकाचे सिलिंडर हवा खेचतात.

पेट्रोलचा दाब : पंपापुढे गेज लावा. ३ ते ४.५ पीएसआय पुरे. मेकॅनिकल पंप काढून इलेक्ट्रिक पंप बसवला असेल तर रेग्युलेटर हवाच. जास्त दाबापुढे फ्लोटची नीडल टिकत नाही आणि पेट्रोल वरून वाहते.

हे सगळे झाल्यावर व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला जोडा. मुंबईत, समुद्रसपाटीला, चांगल्या तब्येतीच्या इंजिनाचा काटा पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांच्या मध्ये शांत उभा राहतो. दर हजार फुटांना सुमारे एक इंच वजा करा. म्हणजे पुण्यात दोन इंच कमी दिसणे योग्यच. काटा तालात फडफडत असेल तर दोष व्हॉल्व्ह किंवा प्लगचा. संथपणे वरखाली डोलत असेल तर मिश्रणाचा, आणि आता कार्ब्युरेटरकडे जायला हरकत नाही.

पायरी ३ : हवेचा हिशेब करा

चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाएवढी हवा ओढते, तीही पूर्ण नाही. या जुन्या हेडला ७५ टक्के भरण धरणे वास्तवाला धरून आहे.

२१६ साठी : ३.५५ लिटर × १,६५० × ०.७५ = मिनिटाला सुमारे ४,३९० लिटर, म्हणजे १५५ सीएफएम (घनफूट प्रति मिनिट). यात १,६५० म्हणजे ३,३०० फेऱ्यांचे निम्मे.

२३५ साठी : ३.८६ लिटर × २,००० × ०.७५ = सुमारे ५,७९० लिटर, म्हणजे २०४ सीएफएम. इथे ४,००० फेऱ्या धरल्या आहेत.

दीडशे ते दोनशे सीएफएम, एवढीच या इंजिनाची भूक. जाहिरातीतला ६०० सीएफएमचा चार बॅरलचा कार्ब्युरेटर इथे का चालत नाही ते या आकड्यांत आहे. व्हेंच्युरी, म्हणजे कार्ब्युरेटरचा अरुंद गळा, मोठी झाली की तिच्यातून हवा सावकाश जाते, जेटमधून पेट्रोल ओढायला पुरेशी ओढ तयार होत नाही आणि पेट्रोलचे थेंब मोठे राहून मॅनिफोल्डच्या भिंतींवर बसतात. मधले सिलिंडर ओले आणि टोकाचे कोरडे अशी वाटणी मग होते.

आकडे ताडताना एक खबरदारी घ्या. एक आणि दोन बॅरलचे सीएफएम पाऱ्याच्या ३ इंच दाबफरकावर मोजतात, चार बॅरलचे १.५ इंचावर. चार बॅरलचा आकडा दोन बॅरलच्या मापात आणायचा तर त्याला १.४१ ने गुणा.

पायरी ४ : चार पर्यायांतून एक निवडा

पहिला पर्याय, मूळचाच कार्ब्युरेटर नीट करणे. १९४० च्या दशकातल्या गाड्यांवर कार्टर डब्ल्यू-१ आणि १९५० पासून रॉचेस्टर बी, दोन्ही एक बॅरलचे. मॅनिफोल्ड, चोकची केबल, थ्रॉटलचा दांडा, एअर फिल्टर हे सगळे त्यांच्याच मापाचे आहे. गाडी सहलीला, रॅलीला, रविवारी फिरवायला असेल तर याच्याहून चांगला पर्याय नाही. दुरुस्ती संचही मिळतात.

दुसरा पर्याय, दोन बॅरलचा वेबर. ३२/३६ मध्ये एक बॅरल आधी आणि दुसरे नंतर उघडते. ३८ मिलिमीटरच्या डीजीएएसमध्ये दोन्ही एकदम उघडतात. २३५ ला ३२/३६ शोभतो. मध्ये ॲडॅप्टर लागतो, आणि त्याची दिशा महत्त्वाची आहे : दोन्ही बॅरल इंजिनाच्या लांबीला आडवी येतील असे बसवा. लांबीच्या दिशेने बसवले तर अर्ध्या थ्रॉटलला एका टोकाच्या सिलिंडरना जास्त पेट्रोल मिळते. ॲडॅप्टरमुळे उंचीही वाढते. एअर फिल्टरवर मळलेल्या कणकेचा गोळा ठेवून बॉनेट अलगद लावा आणि उघडून पाहा. गोळा अर्ध्या इंचाहून चपटा झाला असेल तर जागा कमी पडते.

तिसरा पर्याय, दोन किंवा तीन एक बॅरलचे कार्ब्युरेटर. १९५३ च्या कॉर्व्हेटमध्ये शेवरोलेने याच २३५ ला तीन कार्टर लावून १५० अश्वशक्ती काढली होती. ऑफनहाउझरचे दोन कार्ब्युरेटरचे मॅनिफोल्डही मिळतात. टोकाच्या सिलिंडरना यात न्याय मिळतो, ट्यूनिंगचे काम मात्र दुप्पट होते. पूर्ण दाबाचे तेल असलेल्या २३५ लाच हा विचार करा.

चौथा पर्याय गॅरेजमध्ये नेहमी सुचवला जातो : दीड लिटरच्या गाडीचा सोलेक्स पट्टी वेल्ड करून बसवणे. गाडी चालू होते, हळूहळू चालतेही. पण त्याची व्हेंच्युरी बऱ्याच कमी हवेसाठी कापलेली असते, त्यामुळे घाटात इंजिन गुदमरते. मूळचा भाग सापडेपर्यंत गाडी हलवायला तो ठीक. कायमचा ठेवू नका.

पुढची कृती रॉचेस्टर बी धरून दिली आहे. क्रम इतरांनाही लागू आहे.

पायरी ५ : खोला, धुवा, मोजा

प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा. वरचे झाकण सरळ उचला, कारण फ्लोट आणि मेन जेट झाकणालाच लटकलेले असतात. पितळी जेट काढायला नेमक्या रुंदीचा स्क्रूड्रायव्हर घ्या. कड तुटली तर जेट गेला. जेटवरचा नंबर वहीत लिहा. तो भोकाचा व्यास सांगतो, इंचाच्या हजारांशात. ५६ म्हणजे ०.०५६ इंच.

क्लीनरमध्ये भाग भिजवा, प्रत्येक वाटेतून हवा मारा, आणि हवा दुसऱ्या टोकाला निघते का ते बोटाने पाहा. जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असते. तारेने भोक मोठे होते आणि नंबरावरचा भरवसा संपतो. इथेनॉल आणि ओलाव्याने जस्ताच्या ओतीव भागांवर पांढरी भुकटी धरते, ती मऊ ब्रशने पूर्ण काढा.

आता चार तपासण्या. झाकणाची सपाटी : काचेवर ठेवून फिलर गेज घाला. स्क्रू फार कसल्याने रॉचेस्टरचे झाकण वाकते आणि पॅकिंगखालून पेट्रोल व हवा दोन्ही गळतात. काचेवर पॉलिश पेपर पसरून आठच्या आकड्यात हलक्या हाताने घासा. थ्रॉटलचा शाफ्ट : वरखाली हलत असेल तर लेथवाल्याकडून ब्राँझचे बुश बसवून घ्या. इथून हवा खेचत असेल तर मिश्रणाचा स्क्रू कितीही फिरवा, आयडलिंग टिकणार नाही. फ्लोट : गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे आले तर तो फुटका. ॲक्सिलरेटर पंप : चामड्याची वाटी कडक झाली असेल तर बदला, नवी बसवण्याआधी हलक्या तेलात भिजवा.

पायरी ६ : फ्लोटची पातळी

सगळे ट्यूनिंग या एका मापावर उभे आहे, म्हणून घाई नको. झाकण उलटे धरा, नवे पॅकिंग जागेवर ठेवा आणि पॅकिंगपासून फ्लोटपर्यंतचे अंतर मोजा. रॉचेस्टर बी ला ते साधारण १ ९/३२ इंच, म्हणजे ३२.५ मिलिमीटर. दोन्ही फ्लोट सारखे हवेत. मग झाकण सुलट करून फ्लोट खाली लटकू द्या. आता अंतर १ ३/४ इंच. फरक असेल तर पट्टी अगदी थोडी वाकवा, पण नीडलवर दाब देऊन वाकवू नका. टोकाला खड्डा पडतो. संचात आलेल्या कागदावर तुमच्या नंबराचे वेगळे माप असेल तर ते पाळा.

पातळी उंच ठेवली तर वळणावर आणि ब्रेक मारताना पेट्रोल सांडते. खाली ठेवली तर चढावर इंजिन उपाशी राहते.

पायरी ७ : बसवा आणि उष्णतेचा बंदोबस्त करा

कार्ब्युरेटरखाली मूळचा जाड उष्णतारोधक तुकडा आणि नवी पॅकिंग घाला. दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे कसा.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये स्प्रिंगवर फिरणारी एक झडप असते. थंड इंजिनात ती गरम धूर कार्ब्युरेटरखाली वळवते. ही झडप गंजून ‘गरम’ स्थितीत अडकली असेल तर मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल उकळते आणि गाडी बंद पडून सुरू होत नाही. ती हाताने मोकळी फिरली पाहिजे. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर वळवा. नवी रबरी नळी इथेनॉल सोसणारी, एसएई जे३० आर९ छाप असलेली घ्या.

पहिल्यांदा चालू करण्याआधी थ्रॉटल एकदा पूर्ण दाबा आणि वरून आत पाहा. पेट्रोलची सरळ धार ताबडतोब आली पाहिजे. उशिरा आली तर पंपाची वाटी किंवा गोळीचा व्हॉल्व्ह पुन्हा पाहा. डॅशबोर्डवरची चोकची मूठ पूर्ण आत ढकलल्यावर चोकची पट्टी उभी होते का, तेही पाहा.

पायरी ८ : आयडलिंग

इंजिन पूर्ण गरम, चोक उघडा, एअर फिल्टर जागेवर, व्हॅक्यूम गेज जोडलेले.

मिश्रणाचा स्क्रू अलगद टेकेपर्यंत आत घ्या, मग दीड फेरा बाहेर. जोर लावून टेकवला तर टोकाला वळ पडतो.

थ्रॉटलच्या स्क्रूने ४५० ते ५०० फेऱ्या ठेवा.

मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा आत घ्या, दहा सेकंद थांबा, गेज वाचा. इंजिन अडखळू लागेपर्यंत असेच जा. मग बाहेर या, इंजिन जडावून डुलू लागेपर्यंत. या दोन्ही टोकांच्या मध्ये व्हॅक्यूम सर्वांत जास्त कुठे होते ती जागा पकडा.

आता स्क्रू जरासा आत, सुमारे २० फेऱ्या कमी होतील इतका.

फेऱ्या बदलल्या असतील तर थ्रॉटलचा स्क्रू पुन्हा जुळवा आणि हीच कृती आणखी एकदा करा.

स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल तर थ्रॉटल फार उघडा आहे, किंवा कुठून तरी हवा खेचते आहे. थ्रॉटल फार उघडा असेल तर आयडलिंगलाच पुढच्या टप्प्याची पेट्रोलची फट उघडी पडते आणि स्क्रूची सत्ता संपते. बहुतेक वेळा कारण मागे गेलेले टायमिंग असते. पायरी २ वर परत जा.

खात्री करायला पीयूसी केंद्रावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मोजून घ्या. आयडलिंगला १.५ ते २.५ टक्क्यांच्या आसपास हे इंजिन शांत आणि स्वच्छ चालते.

पायरी ९ : पहिला दाब

उभ्या गाडीत आणि मग चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर हळूहळू दाबा. हळू दाबल्यावर गचका येत असेल तर आयडल ते मेन जेट ही वाट चोंदलेली किंवा कोरडी आहे. हळू दाबल्यावर ठीक, पण झटकन दाबल्यावर गचका, तर पंपाचा फटका कमी पडतो. पंपाच्या दांड्याचे भोक किंवा लांबी बदला. झटकन दाबल्यावर काळा धूर आला तर फटका जास्त आहे.

पायरी १० : सपाट रस्त्यावर मेन जेट

टॉप गिअर, ताशी ५० ते ६० किलोमीटर, स्थिर पाय, दहा-पंधरा मिनिटे. एक्झॉस्टमध्ये लॅम्डा (मिळालेली हवा भागिले पूर्ण ज्वलनाला लागणारी हवा) मोजणारा सेन्सर बसवता आला तर अंदाजाचे काम उरत नाही : स्थिर वेगाला १.०० ते १.०५, पूर्ण थ्रॉटलला ०.८५ ते ०.८८. तो नसेल तर चोकची मूठ वापरा. स्थिर वेगात चोक किंचित ओढा. इंजिन खुलले तर मिश्रण पातळ आहे, जेट मोठा हवा. जडावले तर जेट पुरेसा आहे. प्लगचा रंग पाहा, पण त्याला पुरावा म्हणून घ्या, न्यायाधीश म्हणून नको. आजच्या पेट्रोलने प्लग पूर्वीपेक्षा फिके दिसतात.

जेट एका वेळी एकच नंबर बदला आणि क्षेत्रफळाचा हिशेब ठेवा. ५६ वरून ५८ ला गेलात तर व्यास साडेतीन टक्के वाढतो, पण भोकाचे क्षेत्रफळ सुमारे सात टक्के वाढते.

इथे इथेनॉलचा मुद्दा येतो. आता पंपावर बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५ पट. म्हणजे मूळचा जेट तसाच ठेवला तर इंजिन जवळजवळ आठ टक्के पातळ चालते. गरम होते, गचके खाते. व्यासाने साधारण चार टक्के मोठा जेट हे त्याचे उत्तर. मोजमाप लॅम्डात करा, हवा-पेट्रोलच्या गुणोत्तरात नको. लॅम्डा १ चा अर्थ कोणत्याही इंधनाला एकच असतो.

उंचीचा परिणाम नेमका उलटा. हवा विरळ झाली की मिश्रण दाट होते. सुमारे १,३५० मीटरवरच्या महाबळेश्वरला ते सहा-सात टक्के दाट होते. मुंबईत पातळ चालणारी गाडी तिथे सुरेख वाटते आणि मालक जेट बरोबर आहे असे समजतो. म्हणून जेट तुम्ही रोज जिथे गाडी चालवता तिथेच ठरवा.

पायरी ११ : घाटात पूर्ण थ्रॉटल

चढावर पाय खोल गेला की मॅनिफोल्डचे व्हॅक्यूम पडते. तेव्हा रॉचेस्टरमधला पॉवर पिस्टन स्प्रिंगने खाली येतो आणि जादा पेट्रोलची वाट उघडतो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा खंडाळ्याचा चढ या परीक्षेला उत्तम. गाडी चढावर दम टाकते आणि पाय थोडा उचलल्यावर सावरते, तर पॉवर पिस्टन अडकला आहे किंवा पेट्रोल कमी पोचते आहे. सपाटीवरही काळा धूर असेल, तर पॉवर व्हॉल्व्ह बसत नाही. या पायरीवर मेन जेट बदलू नका. तो सपाट रस्त्यावर ठरला आहे.

दोन कार्ब्युरेटर असतील तर

जोडणारा दांडा सोडा. दोन्ही थ्रॉटल पूर्ण बंद करून सारखेच, अर्धा फेरा उघडा. हवामापक प्रत्येकाच्या तोंडावर धरून दोन्हीकडे सारखी हवा जाईल असे स्क्रू जुळवा. मग दोन्ही मिश्रण-स्क्रू आळीपाळीने, पायरी ८ प्रमाणे. शेवटी दांडा असा जोडा की त्याने कोणताही थ्रॉटल हलणार नाही, आणि १,५०० फेऱ्यांवर पुन्हा हवा मोजा. हवा दोघांत वाटली जाते, म्हणून जेट मूळपेक्षा लहान लागू शकतात. तेही पायरी १० ने ठरवा.

लक्षणावरून दोष

• गरम इंजिन बंद केल्यावर सुरू होत नाही : वाटीतले पेट्रोल उकळून खाली उतरले. थ्रॉटल अर्धा दाबून धरा आणि सेल्फ मारा; वारंवार पंप करू नका.
• पाय काढल्यावर एक्झॉस्टमध्ये फटाके : आयडलचे मिश्रण पातळ किंवा एक्झॉस्टच्या जोडातून गळती.
• कार्ब्युरेटरमधून बॅकफायर : मिश्रण पातळ, टायमिंग मागे किंवा इनलेट टॅपेट घट्ट.
• वळणावर बंद पडते : फ्लोटची पातळी.
• १ आणि ६ चे प्लग पांढरे, मधले काळे : मॅनिफोल्डच्या टोकाला हवेची गळती किंवा कार्ब्युरेटर फार मोठा.

पायरी १२ : लिहून ठेवा

कार्ब्युरेटरचा नंबर, मेन जेट, फ्लोटची दोन्ही मापे, मिश्रणाच्या स्क्रूचे फेरे, टायमिंग, आयडलिंगचे व्हॅक्यूम, पेट्रोलचा प्रकार, गाव आणि तारीख. याची एक प्रत वहीत, दुसरी प्लास्टिकमध्ये घालून गाडीच्या कप्प्यात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलची नळी बंद करा आणि वाटी रिकामी होईपर्यंत इंजिन चालवा. कोकणच्या दमट हवेत इथेनॉल पाणी शोषते आणि जस्त खाते. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, पायरी २ आणि पायरी ८ पुन्हा करा. मेन जेटला तेव्हा हात लावायची गरज पडणार नाही. आकडे कागदावर असले की पुढचा फिटर पहिल्यापासून अंदाज बांधत बसत नाही, आणि पुढच्या मालकाच्या हाती चालू गाडीबरोबर ती चालू ठेवण्याची पद्धतही जाते.